वडिलांच्या काळजीनं बोंडअळी येत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका २६ वर्षांच्या शेतकरी तरुणाचा प्रश्न आधी थोडक्यात देते. एका शिबिरात त्याला शिकवलं की अवचेतन मनात जे पेराल तेच जग तुमच्याकडे ओढून आणतं; मेंदूत एक गाळणी असते, रोज एकच वाक्य लिहिलं की ती त्या गोष्टीवर लागते. तेव्हापासून तो रोज सकाळी वहीत ‘माझा शेळीपालनाचा फार्म उभा राहिला आहे’ असं लिहितो. आणि जिकडे जातो तिकडे शेळ्या, शेड, शेळीवाले, त्यांचे व्हिडिओ समोर येतात. घरच्या बोअरची जागाही पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून दाखवली होती आणि पाणी लागलं, म्हणून त्याचा या शक्तीवर विश्वास बसला आहे. पण वडील मात्र सतत ‘यंदाही काही होत नाही’, ‘भाव पडतेच’ असं बोलतात. शिबिरातल्या सरांनी सांगितलं की घरातला एक नकारात्मक माणूस सगळ्यांची भरभराट अडवतो. तो विचारतो, सलग तीन वर्षांचं आमचं नुकसान बाबांच्या विचारांमुळे झालं का? आणि शेवटी लिहितो, ‘मी त्यांच्याशी बोलणं कमी केलं आहे.’

तुमच्या त्या शेवटच्या वाक्यानं मला काळजी वाटली, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. बाबांच्या विचारांमुळे तुमचं नुकसान झालेलं नाही. गुलाबी बोंडअळी फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही वावरात ठेवलेल्या पऱ्हाटीत (कपाशीच्या झाडांत), जिनिंगच्या आवारातल्या सरकीत आणि वावरात पडून राहिलेल्या किडक्या बोंडांत तग धरते आणि पुढच्या हंगामात परत येते. बीटी कपाशीतल्या अळी मारणाऱ्या दोन्ही प्रथिनांना ती दाद देईनाशी झाली, म्हणून २०१७ साली तिनं विदर्भात एवढा धुमाकूळ घातला. सोयाबीनचं म्हणाल तर २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत हर्रास त्याच्या खाली सुटत होता. तो भाव खाद्यतेलाच्या आयातीवर, पेंडीच्या निर्यातीवर आणि ब्राझील-अर्जेंटिनातल्या पिकावर ठरतो. घराच्या ओट्यावर बसून कोणी ‘भाव पडतेच’ म्हटलं म्हणून तो क्विंटलमागे रुपयानंही हलत नाही. वडिलांविषयी तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चुकीचं तर आहेच, पण घातकही आहे, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते. यवतमाळ-अमरावतीच्या गावांत मी समुपदेशनाचं काम करते. आधीच कर्जानं वाकलेल्या माणसाला घरचेच ‘हे तुमच्या विचारांमुळे झालं’ म्हणू लागले की तो आतून किती तुटतो, ते मी जवळून पाहिलं आहे.

आता तुमच्या अनुभवाकडे येते. तो खोटा नाही. तुम्हाला शेळ्या खरंच जास्त दिसू लागल्या आहेत. फक्त शेळ्या वाढलेल्या नाहीत. दारव्ह्याच्या रस्त्यावर त्या आधीही चरत होत्या, तुमच्या नजरेला त्यांचं काम नव्हतं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ अर्नोल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये या अनुभवाला ‘वारंवारतेचा भ्रम’ असं नाव दिलं. त्यात दोन गोष्टी एकत्र काम करतात. मनानं एकदा एखादी गोष्ट महत्त्वाची ठरवली की नजर ती आपोआप टिपू लागते. आणि ती दिसली की आपण तिची पुरावा म्हणून नोंद ठेवतो. ज्या दिवशी काहीच दिसलं नाही त्या दिवसाची नोंद कोणी ठेवत नाही. तुमच्या बाबतीत तिसरी गोष्ट मोबाइलची आहे. शेळीचे दोन व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले की तिसरा, चौथा, दहावा तो स्वतःच पुढे करतो. तिथं जग तुमच्याकडे काही पाठवत नसतं. तुम्ही जास्त वेळ स्क्रीनवर राहावं म्हणून केलेली ती व्यवस्था असते.

हे टिपण्याचं काम आपल्या नकळत चालतं, हे मात्र शंभर टक्के खरं. जागलीला गेलेला माणूस मचाणावर डुलकी घेत असतो. वाऱ्यानं तुरीच्या शेंगा खुळखुळतात, दूर कुत्री भुंकतात, तो हलत नाही. धुऱ्याकडून रानडुकराचा हुंकार आला की ताडकन उठतो. म्हणजे झोपेतही कान ऐकत होते आणि कोणता आवाज कामाचा याची निवड होत होती. प्रयोगशाळेतही हे तपासलं गेलं आहे. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय बोललं गेलं ते बहुतेकांना सांगता आलं नाही. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात मधूनच ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घेतलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. शिबिरात या प्रयोगाची गोष्ट सांगताना उरलेल्या दोन तृतीयांशांना गाळतात. त्यांना स्वतःचं नावही ऐकू आलं नव्हतं. आतला राखणदार आहे, पण तोही चुकतो, आणि जागलीवर माणूस असूनही डुकरं हरभरा खाऊन जातात.

उलट बाजूही पाहा. १९९९ मध्ये सायमन्स आणि शाब्री या दोन संशोधकांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली आणि चेंडूचे पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाच्या वेषातली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, छाती बडवली आणि निघून गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. २०१३ मध्ये तर रेडिओलॉजी तज्ज्ञांना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगून त्यात गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० तज्ज्ञांना ते दिसलं नाही. त्यांच्या डोळ्यांत काही दोष नव्हता. एका गोष्टीवर नजर लागली की बाकीच्या गोष्टी झाकल्या जातात, आणि त्या झाकल्या गेल्याचं आपल्याला कळतही नाही. शेळीवर लागलेल्या तुमच्या नजरेतून सध्या काय सुटतंय, त्याकडे मी पुढे येते.

नजर कशानं घडते, हे पाहायचं तर पऱ्हाटी फुलावर आली की निंदणाला येणाऱ्या एखाद्या जुन्या बाईसोबत वावरातून चालून पाहा. तिचं बोलणं चालू असतं, लेकीच्या बाळंतपणाचं, रेशनच्या दुकानाचं. मध्येच हात एका फुलाकडे जातो. ते फूल इतरांसारखंच फिकट पिवळं असतं, फक्त नीट उमललेलं नसतं. पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटून त्यांची गुंडाळी झालेली असते. हीच डोमकळी. बाई नखानं पाकळ्या सोडवते. आत बारीक धागे आणि तपकिरी डोक्याची इवलीशी पांढुरकी अळी. गुलाबी रंग तिला पुढे मोठी झाल्यावर येतो. ‘मावशी, तुम्हाला कसं कळलं?’ विचारलं तर म्हणते, ‘दिसते ना बाई, त्याच्यात काय हाय!’ तिच्या मागून चालणाऱ्या, कृषी पदविका झालेल्या पोराला त्याच झाडावर काही दिसलेलं नसतं. पुस्तकात डोमकळीचा फोटो त्यानं पाहिलेला असतो, परीक्षेत उत्तरही लिहिलेलं असतं.

अवचेतन म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा होतो त्यातला खरा आणि मोठा भाग हाच आहे. हजारो फुलं हाताखालून गेल्यावर तयार झालेली ओळख जाणिवेच्या खाली बसून काम करते. ती वाक्य घोकून येत नाही. मावशीनं ‘मला डोमकळी दिसते’ असं कधी कुठे लिहिलेलं नाही, तिला कदाचित लिहिताही येत नसेल.

आणि एवढ्या तयार नजरेलाही मनाची अवस्था ओढून नेते. मागच्या वर्षी ज्याची अर्धी बोंडं किडली, त्याला यंदा प्रत्येक अर्धवट उमललेलं फूल डोमकळी वाटतं आणि तो गरज नसताना फवारा मारतो. ज्यानं उधारीवर महागडं बियाणं घेतलं, त्याला ती दिसूनही दिसत नाही, कारण दिसली तर काय, हा प्रश्नच त्याला झेपणारा नसतो. म्हणून तर कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग पकडणारे सापळे, लावायला सांगतात. सलग ३ रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग पडले, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली आढळली, तरच फवारणीचा निर्णय घ्यायचा. सापळ्याला कर्ज नसतं, मागच्या वर्षीची आठवणही नसते. भीतीपोटी होणारी फवारणी किती महागात पडते, हे २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यानं विषबाधेचे बळी देऊन पाहिलं आहे. त्यामागे इतरही कारणं होती, पण नुसत्या नजरेवर विसंबून घेतलेल्या निर्णयांचा त्यात वाटा होता असं मला वाटतं.

नारळाचं आता सांगते. पाणाड्या लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीची काही अगदी सरळ माणसं आहेत, पैशालाही फार हावरी नाहीत. नारळ तळहातावर आपोआप उभा राहिला असं त्यांना मनापासून वाटतं. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं की मनातली नुसती कल्पना किंवा अपेक्षा स्नायूंची बारीक हालचाल घडवते आणि ती आपण केली याचा माणसाला पत्ता लागत नाही. पाणाड्याचं आयुष्य शिवारं तुडवण्यात गेलेलं असतं. नाल्याचा उतार, उंबराचं झाड, शेजारच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कुठवर जातं, हे सगळं त्याच्या डोळ्यांखालून गेलेलं असतं. या जागी पाणी असावं असा अंदाज आत बांधला जातो, हात किंचित कलतो आणि नारळ डुलतो. म्हणजे इथंही अवचेतन काम करतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते फक्त पाण्याशी बोलत नाही, त्याच्याच अनुभवाशी बोलतं.

मग अंदाज बरोबर येतो का? १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ याची मोठी चाचणी झाली. इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप इकडेतिकडे सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यांनी त्याची जागा सांगायची. शेकडो लोकांतून चाळून काढलेले ४३ जण होते. त्यांतल्या बहुतेकांचे अंदाज डोळे मिटून सांगितलं असतं तरी लागले असते तेवढेच लागले. जमिनीच्या खुणा काढून घेतल्या की हातात काठी असो की नारळ, ते काही सांगत नाही. आपल्या पश्चिम विदर्भाखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. पाणी असतं ते थरांमधल्या भेगांत आणि झिजलेल्या भागात, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी थोडंफार लागतं आणि दहा पावलांवर कोरडंही निघतं. तुमच्याच गावात एक काम करा. याच पाणाड्यानं दाखवलेल्या कोरड्या बोअर किती, ते घरोघर विचारा. पाणी लागलं की लोक पाणाड्याचं नाव घेतात आणि कोरडी गेली की ‘आमचं नशीब’ म्हणतात. म्हणून कोरड्या बोअरची गोष्ट गावात फिरत नाही. पुढची बोअर घ्यायची झाली तर आधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन या.

मेंदूतल्या गाळणीबद्दल थोडक्यात. मेंदूच्या बुंध्यात रेटिक्युलर नावाचं चेतापेशींचं जाळं आहे, हे खरं. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की त्याला चेतना दिली की झोपाळलेला मेंदू जागा होतो. ते जाळं जागं ठेवण्याचं काम करतं. नेमकं काय पाहायचं याची निवड मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागांसह बरीच केंद्रं मिळून करतात. वहीत वाक्य लिहून रेडिओसारखी फिरवता येईल अशी एखादी कळ मेंदूत सापडलेली नाही.

‘ओढून आणणं’ ही गोष्ट मात्र एका ठिकाणी खरोखर घडते, माणसामाणसांत. १९७७ मध्ये मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना एका अनोळखी मुलीशी फोनवर बोलायला लावलं. आधी एक फोटो दाखवला, काहींना देखण्या मुलीचा, काहींना साध्या चेहऱ्याच्या. फोटो बोलणाऱ्या मुलीचा नव्हताच आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. समोर देखणी मुलगी आहे असं समजून बोलणारे तरुण जास्त आपुलकीनं बोलले. नंतर तिसऱ्याच लोकांना फक्त मुलींचा आवाज ऐकवला, तर त्या ‘देखण्या’ समजल्या गेलेल्या मुलीच त्यांना जास्त मोकळ्या आणि प्रेमळ वाटल्या. तरुणांच्या अपेक्षेनं समोरच्या माणसाचं वागणं बदललं होतं. १९८६ मध्ये कर्टिस आणि मिलर यांनी काहींना सांगितलं, ‘समोरच्याला तुम्ही आवडलात.’ ते खरं नव्हतं. पण ते ऐकून माणसं मोकळी झाली, स्वतःबद्दल जास्त बोलली, कमी वाद घातला, आणि मग समोरच्याला ती खरोखर आवडू लागली.

हे आपल्या तालुक्याच्या बँकेत रोज पाहायला मिळतं. पीक कर्जाच्या नूतनीकरणाला आलेला एक जण दारातच ठरवून येतो की साहेब काही करत नाही. तो काउंटरच्या बाजूला उभा राहतो, सातबारा आणि आठ-अ पिशवीतून निम्मेच बाहेर काढतो, ‘उद्या या’ म्हटलं की मुकाट्यानं फिरतो. दुसरा काम होणार असं धरून येतो. तो कागद क्रमानं पुढे ठेवतो, साहेबाला नावानं हाक मारतो, ‘उद्या म्हणजे किती वाजता? आणि काही राहिलं असंन तर आत्ताच सांगा’ म्हणतो. दुसऱ्याचं काम बरेचदा आधी होतं. लोक म्हणतात त्याचे ग्रह चांगले आहेत.

पण इथं मला थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण शिबिरांत ती कधीच सांगत नाहीत. अपेक्षा फक्त तुमच्याच मनात नसते, साहेबाच्याही मनात असते. तुमचे कपडे, तुमचं आडनाव, तुमची बोली ऐकून तोही आधीच काहीतरी ठरवून बसलेला असतो. कोलाम आदिवासींच्या पाड्यावरचा माणूस आत्मविश्वासानं बोलला म्हणून त्याचं काम मोठ्या बागायतदारासारखं होईल, असं मी सांगितलं तर ती फसवणूक ठरेल. बाई एकटी गेली तर ‘मालकाला पाठवा’ असं ऐकते, मग तिनं आरशात पाहून कितीही वाक्यं म्हटलेली असोत. आपल्या मनानं आपल्या बाजूचा भाग सुधारतो. समोरच्या बाजूसाठी गट करून जाणं, लेखी अर्ज आणि त्याची पोच घेणं, वर तक्रार करणं, हेच मार्ग लागतात.

आता वही. बंद करू नका, वाक्य बदला. गॅब्रिएल एटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. ‘मला हे जमेल’ असा विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण बारीक झाल्याची गोड दिवास्वप्नं रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमच्या शिबिरात त्यांची सरमिसळ झाली आहे. १९९९ मध्ये फाम आणि टेलर यांनी परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्यांचे गट केले. चांगले गुण मिळाल्याचं चित्र रोज डोळ्यांसमोर आणणाऱ्यांपेक्षा, कुठे बसू, कोणता धडा घेऊ, टीव्ही कधी बंद करू हे डोळ्यांसमोर आणणारे जास्त अभ्यास करून गेले आणि त्यांना गुणही जास्त पडले. फळ मिळाल्याचं चित्र रोज पाहून मन निम्मं समाधानी होतं, मग उठायला आळस करतं.

म्हणून ‘फार्म उभा राहिला आहे’ हे वाक्य सोडा. त्या जागी अडचण लिहा आणि ती आली तर नेमकं काय करणार ते लिहा. ‘सोमवारी पंचायत समितीत गेलो आणि पशुधन विकास अधिकारी भेटले नाहीत, तर दवाखान्यात जाऊन शेळ्यांच्या पीपीआर आणि आंत्रविषार या रोगांवरच्या लसीच्या तारखा लिहून आणीन.’ ‘पावसाळ्यात करडं मरायला लागली तर काय?’ ‘बेरारी जातीची शेळी घ्यायची की उस्मानाबादी, आणि आमच्या भागात चारा मार्चनंतर कुठून येणार?’ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘असं झालं तर असं करीन’ धाटणीच्या संकल्पांवर पुष्कळ काम केलं आहे. त्यांचा फायदा असा की ती वेळ आली की मनाला पुन्हा विचार करावा लागत नाही, ठरलेली कृती आपसूक होते. अवचेतनाला कामाला लावण्याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

आणि तुमच्या नजरेतून सुटतंय ते म्हणजे बंद पडलेल्या शेळ्यांच्या शेडा. ज्याचा फार्म चालला तो व्हिडिओ करतो, बोर्ड लावतो. ज्याच्या शेळ्या मेल्या किंवा बोकडांना भाव मिळाला नाही, तो शेडमध्ये कुटार भरून गप्प बसतो. पीटर वेसन यांनी १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितलं. बहुतेकांनी ८, १०, १२ असे आपल्याच कल्पनेला पुष्टी देणारे आकडे विचारले, ‘बरोबर’ ऐकलं आणि चुकीचा नियम पक्का केला. नियम फक्त चढत्या क्रमाचा होता. कोणी १, २, ३ विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. तुम्ही सध्या ८, १०, १२ विचारत आहात. दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यात शेळीपालन बंद केलेले निदान तीन जण शोधा, त्यांच्याकडे चहाला बसा, आणि कोणत्या महिन्यात काय बिनसलं ते विचारा. आता एकदा ठरवून निघालात की त्या शेडाही रस्त्यानं दिसायला लागतील.

आता बाबा. जो माणूस चिंतेत असतो त्याची नजर धोक्याकडे आधी जाते, हे १९८६ मध्ये मॅक्लाउड, मॅथ्यूज आणि टाटा यांनी मोजून दाखवलं. पडद्यावर एकाच वेळी एक भीतीदायक आणि एक साधा शब्द आला, तर चिंताग्रस्तांचं लक्ष त्या भीतीदायक शब्दाच्या जागी आधी वळायचं. ते हे मुद्दाम करत नव्हते. बाबांचंही तसंच होत असणार. त्यांना ढग आधी दिसतो, कारण एकदा ढगानं त्यांचं सोयाबीन शेंगेतच कोंबाळलं आहे. त्यातलं काही उपयोगाचंही असतं. तुमच्या वावरातली पहिली डोमकळी कोणाला दिसली होती, ते आठवून पाहा.

आणखी एक अभ्यास तुम्ही जरूर लक्षात ठेवा. २०१३ मध्ये सायन्स नियतकालिकात तो आला. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना संशोधकांनी कापणीच्या आधी हात आखडता असताना आणि कापणीनंतर पैसा आल्यावर अशा दोन्ही वेळा तेच बुद्धीचे खेळ दिले. माणसं तीच, पण पैशाची ओढाताण असताना त्यांना ते खेळ कमी जमले. म्हणजे तंगीमुळे विचाराची ताकदच खर्ची पडत होती. तुम्ही उलटं समजून बसला आहात, की विचारांमुळे तंगी येते. बाबांच्या डोक्यात सावकाराचा हप्ता, बँकेची नोटीस, तुमचं लग्न हे सगळं एकाच वेळी फिरत असेल तर त्यांना शेळीपालनाबद्दल उत्साह कुठून येणार? तुमच्या योजनेत धोका दिसला म्हणून ते बोलत असतील, तर त्यांनाच विचारा, ‘बाबा, याच्यात काय काय बिघडू शकते, सांगा बरं,’ आणि ते सांगतील ते त्याच वहीत उतरवा. त्यांची नजर त्या कामाला तुमच्यापेक्षा तयार आहे.

पण हे बोलणं काळजीच्या पुढे गेलं आहे का, तेही पाहा. झोप पहाटे तीनला उघडते का, जेवण कमी झालं आहे का, पोळ्याला बैल सजवण्यातही मन लागलं नाही का, पारावर जाणं बंद झालं का, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही तोंडून निघतं का. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत एका कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर याविषयी बोलायला सुरुवात केली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आजार तिथं आधीपासून होता. कोणीतरी त्याविषयी बोललं, तेव्हा घरच्यांना तो दिसू लागला.

बोलणं आजच सुरू करा, आणि शेळ्यांपासून नका करू. ‘बाबा, रात्री झोप येते का?’ एवढं विचारा आणि ते बोलतील तेवढा वेळ ऐका, मध्ये उपाय सांगू नका. तुमच्या गावची आशाताई यात मदत करू शकते. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प यवतमाळ जिल्ह्यात आहे, यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जीव देण्याचं काही बोलले तर त्यांना एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून कुलपात किंवा दुसऱ्याकडे हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. बाबा तयार नसतील तर आधी तुम्ही फोन करा. घरच्यांनी कसं बोलावं, हेही ते सांगतात.